साइट बांधून झाली, सांभाळणार कोण?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आली की तिच्याखाली सल्ल्याची चौकट ठरलेली असते: ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सगळा उपदेश गिऱ्हाइकाला. ज्याच्या वेबसाइटवरून ते गिऱ्हाईक फसते, त्या हॉटेलवाल्याला, शाळेला, देवस्थान समितीला कोणी काही सांगत नाही. पर्यटकाने कळंगुटच्या एखाद्या गेस्ट हाउसची खरीखुरी साइट उघडली, तिच्यावरच्या नंबरवर फोन केला, खोलीचा ॲडव्हान्स भरला आणि तो नंबरच आदल्या रात्री कोणी बदलून ठेवलेला निघाला, तर त्यात पर्यटकाचे काय चुकले? देणगीच्या पानावरचा क्यूआर कोड बदललेला असेल तर जत्रेला न येऊ शकलेल्या मुंबईच्या महाजनाने (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदाने) तो ओळखायचा कसा?

साइटचे पान काळे करून त्यावर आपले नाव लिहून जाणारे हॅकर आता मागे पडले. त्यात पैसा नाही. हल्लीच्या हल्लेखोराला साइट जशीच्या तशी दिसायला हवी असते, म्हणजे मालक बेसावध राहतो. आणि 'आमच्या एवढ्याशा साइटवर कोण कशाला येईल' हा युक्तिवाद तर पूर्णच गैरलागू आहे. कोणी तुमचे नाव हुडकत येत नाही. आपोआप चालणारे प्रोग्राम इंटरनेटवरच्या लाखो साइट्स चाचपतात, अमुक प्लगइनची (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या सॉफ्टवेअरची) अमुक आवृत्ती दिसली की आत शिरतात आणि पुढे जातात. साइट पंचतारांकित हॉटेलची आहे की साखळी गावातल्या वाचनालयाची, हे त्या प्रोग्रामला ठाऊक नसते.

जगातल्या दहापैकी साधारण चार साइट्स वर्डप्रेस या साइट बांधण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्याकडची हॉटेले, होमस्टे, शाळा, देवस्थाने, नाट्यमंडळे यांच्या साइट्स मुख्यत्वे त्यावरच, काही जूमला किंवा ड्रुपल या तशाच सॉफ्टवेअरवर. ही सॉफ्टवेअर वाईट नाहीत. सतत दुरुस्त होतात हेच त्यांचे बळ. पण झालेली दुरुस्ती तुमच्या साइटपर्यंत पोहोचली नाही, तर त्याच बळाचा फायदा हल्लेखोराला होतो, कारण दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे भोक कुठे होते तेही जाहीर होणे. जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवली की बदललेल्या चार ओळी जाणकाराला लगेच दिसतात.

भोक असते तरी कसे, याचे एक उदाहरण खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीत बाहेरच्या प्रोग्रामला लेख वाचता-बदलता यावेत अशी सोय आली आणि ती पहिल्यापासून चालूच ठेवलेली होती. लेख बदलण्याची विनंती आली की दाराशी एक तपासणी होई: या क्रमांकाचा लेख आहे का, आणि असल्यास विनंती करणाऱ्याला तो बदलण्याचा हक्क आहे का? आता क्रमांकाच्या जागी '१२३' न पाठवता '१२३अबक' पाठवले तर? तपासणीला असा लेख सापडत नसे. लेखच नाही तर हक्क कशाचा तपासायचा, म्हणून ती विनंती पुढे सोडून देई. पुढचा टप्पा मात्र त्या मजकुरातला आकडा तेवढा उचलायचा, १२३, आणि त्या क्रमांकाचा खरा लेख बदलून टाकायचा. लॉगिन लागत नव्हते, पासवर्ड लागत नव्हता. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ही दुरुस्त आवृत्ती आली. अपडेट सगळीकडे पोहोचावी म्हणून या भोकाची वाच्यता १ फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम केली गेली नाही. ज्यांच्याकडे आपोआप अपडेट चालू होती त्यांना काही कळलेही नाही. ज्यांनी ती बंद करून ठेवली होती, त्यांची लाखो पाने त्या फेब्रुवारीत विद्रूप झाली. नंबर किंवा खाते क्रमांक बदलायला एवढे भोक पुरते.

तिथे निदान सहा दिवस मिळाले. ड्रुपलच्या बाबतीत तेवढेही नाहीत. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधल्या डेटाबेसच्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर झाली आणि दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच सांगितले की, जाहीर झाल्यापासून सात तासांत जी साइट दुरुस्त झाली नाही ती फुटली असेच धरून चाला. आपल्या घड्याळात ती वेळ रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार अशी येते. गोव्यातला कोणता डेव्हलपर तेवढ्यात उठून अपडेट मारणार होता? म्हणून माणसाच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपोआप अपडेट चालू ठेवावी.

याला ठरलेला आक्षेप असतो, 'अपडेट मारली की साइट मोडते'. तो खोटा नाही. पण वर्डप्रेसच्या लहान सुरक्षा-आवृत्त्या, म्हणजे ज्यांत शेवटचा आकडा तेवढा वाढतो, त्या सहसा काही मोडत नाहीत. त्या २०१३ पासून आपोआपच बसतात, फक्त कोणीतरी ते बंद केलेले नसावे. प्लगइनसाठी ही सोय २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत आली. डॅशबोर्डवर, म्हणजे साइट चालवणाऱ्याला लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या पानावर, प्लगइनच्या यादीत प्रत्येकासमोर ती चालू करता येते. आणि जुलै २०२४ च्या ६.६ पासून आपोआप बसलेल्या प्लगइन-अपडेटमुळे साइट कोसळत असेल तर वर्डप्रेस स्वतःच आधीची आवृत्ती परत बसवते. पैशांचे व्यवहार असलेल्या साइटवर बुकिंगचे किंवा दुकानाचे एखादे मोठे प्लगइन हाताने अपडेट करण्यासाठी वेगळे ठेवावे, आधी साइटच्या चाचणी-प्रतीवर चालवून पाहावे. पण 'हाताने' याचा अर्थ त्याच आठवड्यात. चतुर्थी झाल्यावर बघू, सीझन संपल्यावर बघू, असे म्हटले की ते काम राहिलेच म्हणून समजा.

इथे एक खोच आहे, ती लहान साइट्सना विशेष बाधते. वर्डप्रेसची आपोआप होणारी कामे कोणी साइट उघडली तरच सुरू होतात. जत्रेचे चार दिवस सोडले तर देवस्थानच्या साइटवर दिवस दिवस कोणी फिरकत नाही, मग अपडेटही वेळेवर होत नाही. उपाय सोपा आहे. साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या सी-पॅनलमध्ये, म्हणजे नियंत्रण-पानावर, 'क्रॉन जॉब्स' हा ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या कामांचा विभाग असतो, तिथे दर पंधरा मिनिटांनी साइटची डब्ल्यूपी-क्रॉन ही फाइल चालेल असे काम लावायचे आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या साइटच्या मुख्य मांडणीच्या फाइलमध्ये वर्डप्रेसचे स्वतःचे क्रॉन बंद करणारी ओळ घालायची. हे करताना सर्व्हरवरची पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती, कितवी आहे तेही बघून घ्यावे. ७.४ आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या, तरी ती अजून कित्येक होस्टिंगवर चालू दिसते. वर्डप्रेसच्या 'टूल्स' खालचे 'साइट हेल्थ' हे पान उघडले की पीएचपी जुनी झाल्याचे तिथेच लिहून येते.

मूळ वर्डप्रेसपेक्षा जास्त धोका प्लगइन आणि थीममध्ये (साइटचे रूप ठरवणाऱ्या साच्यात) असतो. मूळ सॉफ्टवेअर शेकडो जाणकारांच्या नजरेखालून जाते, प्लगइन बहुधा एक-दोघांचे असते. २०२० च्या सप्टेंबरातले 'फाइल मॅनेजर' प्लगइनचे प्रकरण बघा. सात लाखांहून अधिक साइट्सवर ते होते. त्यात दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचातली (लायब्ररीतली) नमुन्याची फाइल होती, जी मुळात चालू नये म्हणून तिचे नाव पीएचपीवर संपत नव्हते. प्लगइनवाल्यांनी नाव बदलून ती चालती केली आणि जगातल्या कोणालाही लॉगिन न करता सर्व्हरवर फाइल चढवता येऊ लागली. यातला धडा एवढाच की सर्व्हरच्या फाइली हाताळण्याचे प्लगइन साइटवर नकोच. ते काम होस्टिंगच्या पॅनलमधून होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पन्नास लाख साइट्सवरच्या 'लाइटस्पीड कॅश'मध्ये दोष निघाला. त्यातला गुप्त कोड बनवण्याची रीत इतकी कच्ची होती की त्याच्या एकूण शक्यता दहा लाखच होत होत्या. एकामागून एक सगळ्या लावून पाहिल्या की ॲडमिन होता येई, आणि त्याला काही तासांपासून आठवडाभर एवढाच वेळ लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'रिअली सिंपल सिक्युरिटी' या सुरक्षेच्याच प्लगइनमधल्या दुहेरी लॉगिनच्या सोयीत असे भोक निघाले की ती चालू असलेल्या साइटवर पासवर्डशिवाय शिरता येई. कुंपणानेच शेत खाल्ले. म्हणून सुरक्षेची चार-चार प्लगइन लावणाऱ्यांचे मला नवल वाटते. एक पुरे, तेही नीट लावलेले. 'वर्डफेन्स' फुकट वापरत असाल तर हेही लक्षात असू द्या की त्याच्या फायरवॉलचे, म्हणजे हल्ले अडवणाऱ्या भिंतीचे, नवे नियम फुकट आवृत्तीला तीस दिवस उशिरा मिळतात. ते असले म्हणून अपडेट टाळता येत नाही.

प्लगइन बंद केले म्हणजे सुटलो, असेही नव्हे. 'डीॲक्टिव्हेट' केलेल्या प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच असतात आणि सदोष फाइल थेट पत्त्याने उघडता येत असेल तर ते बंद आहे की चालू याने फरक पडत नाही. लागत नसेल ते 'डिलीट' करा. जुन्या थीमचेही तेच. वापरातली एक आणि अडीअडचणीला वर्डप्रेसची स्वतःची एक, बाकी काढून टाका. आणखी एक गोष्ट वर्डप्रेस तुम्हाला आपणहून सांगत नाही: एखादे प्लगइन सुरक्षेच्या कारणावरून अधिकृत डिरेक्टरीतून काढून टाकले, तरी तुमच्या डॅशबोर्डवर त्याची सूचना येत नाही. नवी आवृत्तीच येत नसल्याने यादीत सगळे आलबेल दिसते. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक प्लगइनचे डिरेक्टरीतले पान उघडून ते अजून आहे का आणि शेवटचे कधी सुधारले, हे डोळ्यांनी बघावे. वर्षभर हात न लागलेल्याला पर्याय शोधावा.

विकतची थीम 'फुकट' मिळते म्हणून कुठल्यातरी टेलिग्राम चॅनलवरून उतरवलेली असली, तर बाकी काही वाचायची गरजच नाही. अशा नल्ड, म्हणजे लायसन्सची अट मोडून वाटलेल्या, थीममध्ये मागचे दार बहुतेक वेळा आधीच बसवलेले असते. विकत घेतलेल्या थीममध्येही एक गोम असते. तिच्यासोबत सरकत्या चित्रांचे किंवा पान जुळवण्याचे प्लगइन बांधून येते, पण त्याचे स्वतंत्र लायसन्स तुमच्याकडे नसते, त्यामुळे त्याची अपडेट तुम्हाला दिसत नाही. २०१४ मध्ये 'स्लायडर रिव्होल्युशन'च्या बाबतीत हेच झाले. त्यातल्या दोषामुळे कोणालाही साइटची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल उतरवून घेता येत होती, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड हातात. आणि ते प्लगइन आपल्या साइटवर आहे, हे असंख्य मालकांना माहीतच नव्हते, कारण ते थीमच्या पोटात होते.

डब्ल्यूपी-कॉन्फिगवरून आठवले. काही बदल करण्याआधी त्या फाइलची प्रत त्याच फोल्डरात 'बॅक' किंवा 'ओल्ड' असे शेपूट लावून ठेवायची सवय पुष्कळांना आहे. मूळ फाइलचे नाव पीएचपीवर संपते, म्हणून सर्व्हर ती चालवतो आणि आतला मजकूर बाहेर दाखवत नाही. शेपूट बदलले की सर्व्हरच्या लेखी ती साधी मजकुराची फाइल होते आणि पत्ता टाकणाऱ्याला सरळ वाचायला मिळते. हल्लेखोरांचे प्रोग्राम ही नावे रोज ठोकून बघतात. संपूर्ण साइटची 'बॅकअप.झिप' मुख्य फोल्डरात ठेवणेही त्याच जातीचे. आत्ता लगेच पब्लिक-एचटीएमएल हे साइटचे मुख्य फोल्डर उघडून बघा, बऱ्याच जणांना तिथे काहीतरी सापडेल.

तिथे गेलाच आहात तर फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगला ६०० किंवा ६४० अशी परवानगी (कोणी वाचावे, कोणी बदलावे हे ठरवणारा आकडा) लावा. कुठेही ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, दिसता कामा नये. 'अपलोड्स' फोल्डर चित्रे आणि पीडीएफसाठी आहे, तिथे पीएचपी चालण्याचे काहीच कारण नाही. त्या फोल्डरात एचटीॲक्सेस ही सर्व्हरसाठी नियम लिहिण्याची फाइल ठेवून पीएचपीला मनाई करता येते. मात्र ती फाइल अपाचे आणि लाइटस्पीड सर्व्हरच मानतात. एन्जिनएक्स तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिथे होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरच्या मूळ मांडणीत तो नियम घालून घ्यावा लागतो. डॅशबोर्डमधून थीमच्या फाइली बदलण्याची सोय डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये 'डिसअलाऊ फाइल एडिट' ही ओळ घालून बंद करावी. तिची थोरली बहीण 'डिसअलाऊ फाइल मॉड्स' नवी प्लगइन चढवणेही बंद करते, पण तिच्यासोबत आपोआप अपडेटही बंद पडते, हे न वाचताच ती लावणारे भेटतात.

एकाच होस्टिंग खात्यात दहा साइट्स ठेवणे हा आपल्याकडच्या लहान एजन्सींचा सर्रास प्रकार. खाते एक म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने मालक एक. तीन वर्षांपूर्वी एखाद्या गिऱ्हाइकासाठी केलेली, पुढे विसरलेली चाचणी-साइट फुटली की तिथून बाकी नऊ साइट्सच्या फाइलींत लिहिता येते. तुमची साइट कितीही चोख असली तरी शेजार कसला आहे ते एजन्सीला विचारा आणि स्वतंत्र खाते मागा.

होमस्टेवाल्यांना वेगळे सांगायचे आहे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची नोंद सरकारकडे ऑनलाइन करावी लागते, म्हणून बुकिंगच्या वेळीच साइटवरच्या फॉर्ममधून पासपोर्टचा फोटो मागवण्याची पद्धत पडली आहे. देशी पाहुण्यांकडून आधार कार्ड. फॉर्मची बहुतेक प्लगइन हे फोटो अपलोड्स फोल्डरातच टाकतात, आणि सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवण्याची सोय बंद केलेली नसेल तर त्या फोल्डरचा पत्ता टाकून सगळे पासपोर्ट एकाखाली एक बघता येतात. याला हॅकर लागत नाही. शाळेच्या प्रवेश अर्जांसोबत आलेल्या जन्मदाखल्यांची तीच गत. कागदपत्रे साइटवर घेऊच नका. पाहुणा आल्यावर काउंटरवर घ्या. घेतलीच असतील तर काम होताच सर्व्हरवरून आणि त्याच्या बॅकअपमधूनही काढा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लॉगिनबद्दल थोडक्यात. ॲडमिनचे खाते एक किंवा दोन. सूचना नि फोटो चढवणाऱ्या कारकुनाला 'एडिटर' किंवा 'ऑथर' पुरते. ॲडमिनला मोबाइल ॲपचा दुसरा कोड सक्तीचा. एक्सएमएल-आरपीसी ही बाहेरच्या प्रोग्रामना साइटशी बोलण्याची जुनी वाट, जेटपॅक प्लगइन किंवा मोबाइल ॲप वापरत नसाल, तर बंद करावी. लॉगिनच्या पानावर पहारा बसवून मागची ही वाट उघडी ठेवलेली आढळते. आणि 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल' पानावर दोन गोष्टी बघा: 'कोणीही नोंदणी करू शकतो' ही चौकट टिचकावलेली नसावी आणि नव्या सदस्याची भूमिका 'सबस्क्रायबर' असावी. काही प्लगइनच्या दोषातून हल्लेखोर नेमके हेच दोन बदल करतात आणि मग रीतसर नोंदणी करून ॲडमिन म्हणून आत येतात.

साइट फुटली हे कळते कसे? बहुधा मालकाला सर्वांत शेवटी. घातलेला कोड हुशार असतो: लॉगिन केलेल्याला काही दाखवायचे नाही, पत्ता थेट टाकणाऱ्यालाही नाही, गुगलवरून मोबाइलने आलेल्याला मात्र जुगाराच्या साइटवर पाठवायचे, तेही पहिल्याच भेटीत. त्यामुळे पाहुणा तक्रार करतो आणि मालक म्हणतो, 'आमच्याकडे तर नीट दिसते.' तपासायचे असेल तर ऑफिसचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत गुगल उघडा आणि तिथून साइटवर जा. गुगलच्या शोधात 'साइट' (site) हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम (:) आणि लगेच आपला पत्ता टाकला की तुमची गुगलला माहीत असलेली बरीचशी पाने दिसतात. त्यात जपानी अक्षरांतली किंवा औषधांच्या जाहिरातीची पाने असली तर निदान झाले. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या पानावर, मालकांची यादी बघायला विसरू नका. हल्लेखोर स्वतःला तिथे मालक म्हणून जोडून घेतात.

मग घाबरून सगळे पुसायला घेऊ नये. आधी होस्टिंगच्या पॅनलमधून साइट बाहेरच्यांसाठी बंद करा, आणि फाइली, डेटाबेस व लॉग (साइटवर कोण कधी आले याची नोंदवही) यांची जशीच्या तशी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवा. ती पुरावाही असते आणि भोक कुठे होते हे सांगणारी एकमेव साक्षही. त्यानंतर स्वच्छ संगणकावरून होस्टिंग, एफटीपी (फाइली चढवण्याचे खाते), डेटाबेस, ईमेल आणि ॲडमिन असे सगळे पासवर्ड बदला. वर्डप्रेसच्या मूळ फाइली आणि प्लगइन 'साफ' करत बसू नका, काढून टाकून अधिकृत जागेवरून नव्या चढवा. डब्ल्यूपी-सीएलआय हे लेखी आदेशांनी वर्डप्रेस चालवण्याचे साधन असेल तर त्यातला चेकसम (फाइलचा ठसा) तपासण्याचा आदेश कोणती मूळ फाइल बदलली ते मिनिटभरात सांगतो. विकतच्या प्लगइनना तो लागू पडत नाही. जे आपले आहे, म्हणजे अपलोड्स, डब्ल्यूपी-कॉन्फिग, एचटीॲक्सेस आणि डेटाबेस, तेच डोळ्यांत तेल घालून बघायचे. अपलोड्समधली प्रत्येक पीएचपी फाइल संशयित. 'एमयू-प्लगइन्स' नावाचे फोल्डर नक्की उघडा. त्यातली प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि बंदही करता येत नाहीत, म्हणून लपायला ती आवडती जागा. सी-पॅनलमधली क्रॉन कामे बघा. दर काही मिनिटांनी तोच कोड पुन्हा उतरवून घेणारे काम तिथे असले तर तुम्ही दिवसभर पुसाल आणि संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या. शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या आठही गुप्त किल्ल्या बदला. त्या बदलल्या की आत असलेले सगळे एका झटक्यात बाहेर पडतात, चोरलेल्या कुकीवर (ब्राउझरात राहणाऱ्या लॉगिनच्या खुणेवर) बसलेलाही.

नुसता दिसलेला वाईट कोड काढून साइट परत चालू करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या प्लगइनमधून माणूस आत आला ते तसेच असते. लॉगमध्ये पहिल्या अनोळखी फाइलच्या तारखेच्या आगेमागे कोणत्या पत्त्यावर 'पोस्ट' (साइटकडे माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या आल्या ते बघितले की ते प्लगइन बहुतेक वेळा सापडते. अर्थात लॉग शिल्लक असले तर. सी-पॅनलच्या 'रॉ ॲक्सेस' विभागात लॉग साठवून ठेवण्याची चौकट टिचकावलेली आणि मागच्या महिन्याचे पुसण्याची चौकट मोकळी असली पाहिजे. बॅकअपलाही हीच अट, कारण मागचे दार तीन तीन महिने आधी बसवलेले असू शकते. सात दिवसांचेच बॅकअप ठेवले तर सातही बिघडलेले निघतात. किमान नव्वद दिवसांचे ठेवा, त्यातले एक तरी वेगळ्या कंपनीच्या जागेत, आणि दर तिमाहीला एक उघडून साइट खरोखर उभी राहते का ते बघा.

कळवायचे कोणाला, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार साइटमध्ये घुसखोरी झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे कंपन्या आणि सरकारी संस्थांना बंधनकारक आहे आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच उपयोग. सरकारी साइट्सना सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. देवस्थाने, शाळा आणि सहकारी संस्था यांनी ती आपणहून दोन-तीन वर्षांतून एकदा करून घ्यायला काहीच हरकत नाही. मांडवाच्या सजावटीइतका खर्च येतो असेही नाही.

राहिला प्रश्न सांभाळण्याचा. गावातल्या हुशार पोराने साइट करून दिली, डोमेन त्याच्याच जीमेलवर घेतले, होस्टिंग त्याच्याच कार्डवर, आणि पोर पोर्तुगालला किंवा आखातात गेले. आता कार्यकारिणीत कोणालाच आत जाता येत नाही. हे टाळायचे तर कोटेशन घेतानाच काही गोष्टी लेखी मागाव्यात. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, जो दोन पदाधिकारी उघडू शकतात. गंभीर दोषाची दुरुस्ती चोवीस तासांत, बाकीची आठवड्यात, आणि सुट्टीच्या दिवशी ती कोण करणार त्याचे नाव. बॅकअप कुठे ठेवणार, किती दिवसांचे. वार्षिक देखभालीचा आकडा बांधणीच्या आकड्यापासून वेगळा लिहिलेला. आणि विकतच्या थीम-प्लगइनची लायसन्स कोणाच्या नावावर आहेत, हे जरूर विचारावे. उत्तर 'आमच्या एजन्सीच्या' असे आले, तर एजन्सी बदलली की लायसन्सची मुदत संपताच त्यांच्या अपडेट बंद पडणार, हे तेव्हाच धरून चालावे आणि नवीन लायसन्सची रक्कम अंदाजपत्रकात आधीच घालावी.

आपला,
संकेतस्थळांच्या देखभालीच्या व्यवसायातला एक वाचक,
फोंडा